वणवा सांगून येत नाही, पण मोजता येतो
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो आपल्या सभेच्या नेहमीच्या विषयांतला नाही. शाळा, पाट्या, दाखले आणि नोकऱ्या यांवर आपण पुष्कळ बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण ज्या रानाच्या कडेला आपली गावे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत, ते रान दर उन्हाळ्यात पेटते. त्याचे काय करायचे, हा प्रश्नही शेवटी राज्यकारभाराचाच आहे. म्हणून आजचा विषय आहे वणवा. आणि त्यातही वणवा विझवायचा कसा हा नव्हे, तर तो कुठे आणि केव्हा लागेल याचा अंदाज आकडेशास्त्राने बांधता येतो का, आणि येत असेल तर आपल्याला त्याचा उपयोग काय, हा.

मार्च २०२३ आपणा सर्वांच्या आठवणीत आहे. त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात गोव्यात सत्तरीकडचे म्हादई अभयारण्य पेटले. चोर्ल्याच्या बाजूचे डोंगर रात्री लांबून लाल दिसत होते. पायी पोहोचता येत नाही अशा कड्यांवर आग गेली, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या लटकवून आणावी लागली. त्या दिवसांत दोन तऱ्हेची बोलणी कानावर येत होती. एक म्हणे, उन्हाळाच तसा होता, दैवाचा खेळ, कोण काय करणार? दुसरे म्हणे, कुणीतरी मुद्दाम लावली, धरा त्याला. पहिल्या बोलण्यात कुणाचीच जबाबदारी नाही. दुसऱ्यात सगळी जबाबदारी एका अनोळखी माणसावर. या दोन बोलण्यांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न राहून गेला. तो असा की, त्या आठवड्यात धोका नेहमीपेक्षा जास्त आहे हे आधी कळण्यासारखे होते का? आमचे म्हणणे असे की, होते. कुठल्या झाडाखाली ठिणगी पडेल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण अमुक दिवशी, अमुक टापूत, साधारण किती वणवे लागतील, हे सांगता येते. आणि जे सांगता येते, त्याची तयारी मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता ही गोष्ट जरा उलगडून सांगतो. आकड्यांचे नाव काढले की आपल्यातल्या काही मंडळींना शाळेतले गणिताचे मास्तर आठवतात. पण आज बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जायचे नाही.

अपघात मोजण्याचे शास्त्र तसे जुने आहे. १८९८ साली बोर्टकीविच नावाच्या विद्वानाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांचा हिशेब छापला. सैन्याच्या दहा तुकड्या आणि वीस वर्षे, म्हणजे एका तुकडीचे एक वर्ष अशा २०० नोंदी. एकूण मृत्यू १२२. सरासरी काढली तर एका नोंदीला ०.६१. आता कुठला घोडा कुठल्या शिपायाला लाथ मारील हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण नोंदी पाहिल्या तर १०९ वेळा एकही मृत्यू नव्हता, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, तीन वेळा तीन आणि एकदा चार. त्याआधी साठ वर्षांपूर्वी प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एक सूत्र मांडले होते. त्या सूत्रात नुसती सरासरी घातली की उत्तर येते १०९, ६६, २०, ४ आणि १. म्हणजे एकेक अपघात बेभरवशाचा, पण पुष्कळ अपघातांची रास भरवशाची. विमा कंपन्यांचा सगळा संसार याच तत्त्वावर चालतो.

वणव्याच्या बाबतीत हेच सूत्र लागू पडते का, हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तपासले गेले. कनिंगहॅम आणि मार्टेल या दोघांनी १९७३ साली माणसांकडून लागणाऱ्या वणव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की दिवसाला लागणाऱ्या वणव्यांची संख्या प्वासाँच्या सूत्राप्रमाणे चालते. पण सरासरी मात्र रोज एकच नसते. ती पालापाचोळा किती वाळला आहे यावर बदलते. कॅनडात या वाळण्याचा एक निर्देशांक रोज काढतात. दुपारचे तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि मागच्या चोवीस तासांतला पाऊस, एवढ्या चार गोष्टी त्याला लागतात. वरचा पाचोळा, काटक्या, वाळके गवत हे एक-दोन दिवसांत सुकते. त्याच्या खालचा थर सुकायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि खोलवरची माती महिना-दोन महिने. हे तीन हिशेब वेगवेगळे ठेवून, त्यांत वारा मिळवून शेवटी धोक्याचा एक आकडा काढतात. आपल्याकडची म्हातारी माणसे पायाखाली पाचोळा चुरचुरला की, "आज चूल जपा हो," असे म्हणत. त्या चुरचुरण्यालाच या लोकांनी आकडा दिला, एवढेच.

यातून काय साधते ते एका उदाहरणाने पाहू. हे आकडे कल्पित आहेत, हिशेब समजण्यापुरते. समजा, एका तालुक्यात नेहमीच्या दिवशी सरासरी अर्धा वणवा लागतो, म्हणजे दोन दिवसांत एक. वनखात्याकडे आग झोडपायला दोन तुकड्या आहेत. अशा दिवशी दोन तुकड्या अपुऱ्या पडण्याची शक्यता शंभरात दीडदेखील नाही. आता समजा, कोरडा वारा सुटला, पाचोळा कडकडीत झाला आणि सरासरी तीनवर गेली. त्या दिवशी त्याच दोन तुकड्या अपुऱ्या पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ५८ होते. पाच तुकड्या ठेवल्या तर ती शंभरात आठ-नऊवर येते. म्हणजे वर्षभर पाच तुकड्या पोसायच्या नाहीत, आणि दोनवर भागवायचेही नाही. धोक्याचे दिवस ओळखून त्या दिवसांपुरती माणसे वाढवायची. हा शहाणपणा कुठल्याही घरातल्या गृहिणीला सांगावा लागत नाही. सणाच्या आधी ती डबे भरून ठेवते, पाहुणे दारात आल्यावर वाण्याकडे धावत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. घोड्याच्या लाथा एकमेकींना सांगून लागत नाहीत. वणवे मात्र थव्याने येतात. एकच कोरडा वारा दहा डोंगरांवर वाहतो. एकाने बांध जाळला की शेजारीही त्याच दिवशी काडी लावतो. त्यामुळे साधे सूत्र वाईट दिवसांचा वाईटपणा कमी दाखवते. प्रत्यक्षात दहा वणव्यांचा दिवस सूत्रापेक्षा जास्त वेळा उजाडतो. म्हणून जाणकार लोक सूत्रात त्या थव्यासाठी वेगळी जागा ठेवतात. आपण सामान्यांनी लक्षात ठेवायचे ते इतकेच, की तयारी सरासरीची करायची नसते, वाईट दिवसाची करायची असते.

हे झाले "केव्हा" या प्रश्नाचे. आता "कुठे". त्यासाठी नकाशावर चौकटी आखतात. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशी एक चौकट, आणि तिचा एक दिवस, असा एक घर धरला की त्या घरात वणवा लागला की नाही एवढेच लिहायचे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या केंद्र सरकारच्या जंगलांसाठी प्राइस्लर, ब्रिलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९६ या वर्षांच्या नोंदी घेऊन असाच हिशेब मांडला आणि तो २००४ साली छापला. त्यांनी एकाऐवजी तीन प्रश्न विचारले. या घरात आज आग लागण्याची शक्यता किती? लागलीच, तर ती मोठी होण्याची शक्यता किती? आणि दोन्ही मिळून, आज इथे मोठा वणवा होण्याची शक्यता किती? हा भेद फार महत्त्वाचा आहे. रस्त्याकडेला ठिणग्या पुष्कळ पडतात, पण तिथे माणसे लवकर पोहोचतात. दूरच्या कड्यावर ठिणगी क्वचित पडते, पण पडली की आवरत नाही. दोन्हींना एकच उपाय लावून चालत नाही.

आता हा हिशेब आपल्या अंगणात आणून पाहू. म्हादई अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. फेब्रुवारी ते मे हे चार महिने म्हणजे १२० दिवस. दोन्हींचा गुणाकार केला तर २४,९६० घरे होतात. समजा, एका हंगामात तिथे पन्नास वणवे लागले, तर पन्नास घरांत "हो" आणि उरलेल्या २४,९१० घरांत "नाही". म्हणजे एखाद्या साहेबाने रोज सकाळी, "आज कुठेही वणवा लागणार नाही," असे डोळे मिटून लिहिले, तरी त्याचा अंदाज शंभरात ९९.८ वेळा खरा ठरेल! आणि त्याचा उपयोग शून्य. म्हणून उद्या कुणी सांगितले की आमची संगणक-प्रणाली ९९ टक्के अचूक आहे, तर मान डोलावू नका. विचारा, जे वणवे खरोखर लागले त्यांतले किती तुम्ही आधी धोक्याच्या घरांत दाखवले होते? आणि ज्या दिवशी तुम्ही तीस टक्के धोका म्हणालात, तशा शंभर दिवसांपैकी खरोखर तीसच्या आसपास दिवशी आग लागली का? अंदाजाची कसोटी ही. बाकी सगळी जाहिरात.

या घरांत कुठल्या गोष्टी भरायच्या, हे मात्र प्रत्येक मुलखाचे वेगळे असते. कॅनडाच्या उत्तरेकडे आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडे विजेने पुष्कळ वणवे लागतात. तरीसुद्धा अमेरिकेत १९९२ ते २०१२ या काळात लागलेल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसांमुळे लागले, असे २०१७ साली छापलेल्या अभ्यासात दिसले. आपल्या घाटात तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वळवाच्या विजांचा मोसम सुरूच व्हायचा असतो. म्हणजे आपल्याकडचा वणवा बहुतेक माणसाच्या हातूनच लागतो. त्यामुळे आपल्या हिशेबात नुसते हवामान घालून भागणार नाही, माणसाचे कॅलेंडर घालावे लागेल. काजूच्या बागेत बोंडू पडायला लागण्याआधी खालचे तण काढून जाळतात. भाताच्या रोपांसाठी कोकणात राब भाजतात. कुरणात नवे गवत फुटावे म्हणून जुने जाळतात. शिकारीसाठी, मधासाठी धूर करतात. घाटरस्त्यावर कुणी विडी फेकतो, कुणी जेवण रांधून निखारे तसेच सोडतो. ही कामे वर्षाच्या ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या जागी होतात. जे ठरलेले असते त्याचा अंदाज करता येतो. रस्त्यापासूनचे अंतर, वस्तीपासूनचे अंतर, बागेचा बांध, डोंगराचा उतार, झाडी सदाहरित की पानगळीची, मागच्या पाच-दहा वर्षांत तिथे आग लागली होती का, एवढ्या गोष्टी भरल्या तरी नकाशावरची निम्मी-अधिक घरे निश्चिंत होतात आणि थोडी घरे लाल होतात. साऱ्या देशाचे चित्रही असेच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांच्या २०१८ च्या अहवालात असे दिले आहे की २००३ ते २०१६ या काळात उपग्रहांना दिसलेल्या वणव्यांपैकी ४४ टक्के वणवे फक्त वीस जिल्ह्यांत होते. आणि हे वीस जिल्हे म्हणजे देशाच्या जमिनीचा तीन टक्के भाग. वणवा सगळीकडे सारखा नसतो. म्हणून राखणही सगळीकडे सारखी वाटून चालत नाही.

आता या नोंदी येतात कुठून, ते सांगतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून उपग्रहांनी पाहिलेल्या आगीच्या जागा राज्यांना कळवत आली आहे. पूर्वसूचनेसाठी तिने वर सांगितलेल्या कॅनडाच्या निर्देशांकाचा आधारही घेतला आहे. तिच्या अंदाजाप्रमाणे देशातले ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार आग लागण्याजोगे आहे. सुरुवातीला मोडिस नावाचा उपकरण-डोळा वापरात आला. त्याची एक चौकट एक किलोमीटरची, म्हणजे शंभर हेक्टरची. पुढे व्हीआयआयआरएस हा दुसरा डोळा आला. त्याची चौकट ३७५ मीटरची, म्हणजे सुमारे १४ हेक्टरची. साहजिकच लहान आगीही दिसू लागल्या.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण वर्तमानपत्रांत दरवर्षी त्यांवरून गोंधळ होतो. पहिली अशी की डोळा तीक्ष्ण झाला तर आकडा वाढतो, रान तेवढेच जळले असले तरी. जुन्या डोळ्याचे वर्ष आणि नव्या डोळ्याचे वर्ष शेजारी ठेवून, "वणवे पाचपट झाले," असे म्हणणे म्हणजे चष्मा लावल्यावर घरात धूळ वाढली असे म्हणण्यासारखे आहे. दुसरी अशी की उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी तीनला लागून संध्याकाळी विझलेली आग त्याच्या वहीत येत नाही. आपल्या घाटातल्या दाट सदाहरित झाडीत आग जमिनीलगत सरपटते, वरून छत्र तसेच हिरवे. तीही पुष्कळदा सुटते. म्हणून उपग्रहाच्या वहीला वनरक्षकाच्या वहीची जोड लागते, आणि वनरक्षकाच्या वहीला गावकऱ्याच्या डोळ्यांची.

आणखी एक. हा सगळा हिशेब मागच्या वर्षांवरून पुढचे सांगतो. पण मागचीच वर्षे पुन्हा येतील असे नाही. भारतीय हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे फेब्रुवारी २०२३ हा देशभराच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. आणि लगेच मार्चमध्ये म्हादई पेटली. कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण वाळलेला पाचोळा आधीच तयार होता, हे तर खरे. जुना हिशेब दरवर्षी नव्या नोंदी घालून ताजा केला नाही, तर तो जुन्या पंचांगासारखा होतो. तिथी असते, पण या वर्षाची नसते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा पसारा मांडला, त्याकडे येतो. लाल घरांचा नकाशा हे दुधारी शस्त्र आहे. नीट वापरले तर तो सांगतो, इथे आधी माणसे ठेवा, इथे जाळरेषा आधी काढा, इथल्या बागाइतदारांना सोबत घेऊन तण जाळायचा दिवस ठरवा. वाईट वापरले तर तोच नकाशा सांगू लागतो, इथली माणसे आगलावी आहेत. आपल्या घाटात रानाच्या कडेला राहतो तो कोण? गवळी-धनगर, वेळीप, काजू राखणारा लहान शेतकरी, पूर्वी कुमेरी करणारा. वणवा लागला की बोट आधी यांच्याकडे जाते. वस्तीपासून जवळ धोका जास्त, हे सूत्र खरे आहे. पण ते वस्तीबद्दल बोलते, वस्तीतल्या कुणा माणसाबद्दल नाही. शंभरात तीस शक्यता म्हणजे तीस टक्के गुन्हा नव्हे. शक्यता हा पुरावा नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव जंगलाला आग लावणे हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण गुन्हा शाबित करायला साक्ष लागते, नकाशा नव्हे. त्याच कायद्याने रानात हक्क असणाऱ्या माणसांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधनही घातले आहे. म्हणजे कायद्याच्याच लेखी रानाकडेचा माणूस हा आधी विझवणारा आहे. वर्षभर ज्याला संशयित म्हणून वागवायचे, त्यालाच मार्चमध्ये हिरवी फांदी घेऊन धावायला सांगायचे, हे जमणारे नाही.

शिवाय या पद्धतीत एक लबाड वळण आहे. जिथे पहारा जास्त, तिथे नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून पुढच्या वर्षी नकाशा तिथेच अधिक लाल. मग पहारा आणखी वाढतो. दूरच्या कड्यावर कुणी पाहायलाच जात नाही, म्हणून तो कागदावर निर्धोक राहतो, आणि एक दिवस हेलिकॉप्टर मागवावे लागते. म्हणून नोंदी कशा गोळा झाल्या हे माहीत असल्याशिवाय नकाशावर विश्वास ठेवू नये.

आपल्या सीमेवरच्या लोकांना तर आणखी एक गोष्ट सहज पटेल. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. तिचे पाणी गोव्यात. सत्तरीच्या वरचा डोंगर कर्नाटकात उतरतो, पलीकडे चंदगड आणि दोडामार्ग महाराष्ट्रात. तीन राज्ये, तीन वनखाती, पण रान एकच आणि वारा एकच. पाण्यावरून आणि हद्दीवरून आपले जे वाद असतील ते असोत, त्यांची जागा वेगळी. वणव्याला मात्र हद्दीचा दगड दिसत नाही. ज्या नकाशात हद्दीपलीकडची घरे कोरी असतात, त्यात हद्दीवरच्या घराचा अंदाज निम्माच असतो. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की घाटमाथ्यावरची आग खाली यायला कुणाची परवानगी विचारत नाही.

म्हणून मंडळाच्या वतीने आम्ही पाच मागण्या सभेपुढे ठेवतो. पहिली, तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी या सलग रानापुरत्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात. तारीख, वेळ, जागा, जळालेले क्षेत्र आणि कारण. आणि कारणाच्या रकान्यात "माहीत नाही" असे लिहिण्याची मोकळीक असावी. नाहीतर माहीत नसलेले कारण गरिबाच्या नावावर जाते. दुसरी, धोक्याचा अंदाज फेब्रुवारीपासून दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लोकांच्या भाषेत लागावा, मराठी, कोकणी, कन्नड, जिथे जी चालते ती. तिसरी, हंगामी फायर वॉचरांची नेमणूक जानेवारीत व्हावी, त्यांची संख्या धोक्याप्रमाणे कमी-जास्त व्हावी, आणि मजुरी हंगाम संपायच्या आत हातात पडावी. चौथी, जूनमध्ये, पाऊस पडल्यावर, वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्षातले वणवे शेजारी ठेवून छापावेत. चुकले असेल तर चुकले म्हणावे, त्यात कमीपणा नाही. पाचवी, नुसत्या नकाशाच्या किंवा उपग्रहाच्या आधारावर कुणाही माणसावर वा वस्तीवर कारवाई होऊ नये.

आता सरकारकडे मागायचे आणि आपण हात बांधून बसायचे, हे बरे नव्हे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर कुणाही नागरिकाला आपला मोबाइल क्रमांक नोंदवून आपल्या भागातल्या आगीची सूचना मागता येते. प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी तो नोंदवावा. शाळेतल्या एखाद्या मास्तरांनी किंवा बाईंनी साधी वही घालावी. आज धूर कुठे दिसला, किती वाजता, वारा कुठून होता, पाचोळा ओला की वाळका. पाच वर्षांची अशी वही कुठल्याही मोठ्या प्रणालीला उपयोगी पडेल, कारण उपग्रहाला न दिसलेले तिच्यात असेल. ज्या घरांतून काजूच्या बागा आहेत, त्यांनी तण जाळण्याऐवजी कुजवता येते का ते पाहावे. जाळायचेच असेल तर वारा पडलेला असताना, चार माणसे उभी करून, शेजाऱ्याला सांगून. आणि ज्या घरांतली मुले पुण्या-मुंबईला, बंगळूरला, परदेशात संगणकाच्या नोकऱ्या करतात, त्यांना आमची विनंती आहे. आकडेशास्त्र तुम्ही शिकला आहात. जाहिरात कुणाला दाखवायची याचे हिशेब रोज करता. हीच विद्या सुट्टीत घरी याल तेव्हा चार दिवस आपल्या घाटासाठी वापरा. तीच घरे, तेच "हो" आणि "नाही". फक्त इथे "हो" म्हणजे जळालेले शेकरूचे घरटे असते.

शेवटी एवढेच सांगतो. गणित वणवा विझवत नाही. विझवतात ती माणसे, हिरव्या फांद्या घेऊन, तोंडाला ओला पंचा बांधून, पाठीवर पाण्याचा पंप घेऊन. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून डोंगर चढायला गेलेल्या वीसहून अधिक लोकांचा जीव गेला. आगीपुढे उभा राहणारा माणूस दर वेळी तोच धोका पत्करतो. त्याच्या बाजूला आज दोन माणसे असावीत की पाच, एवढेच गणित सांगते. पण तेवढ्यावरच पुष्कळदा रान वाचते आणि माणूसही. वणवा सांगून येत नाही हे खरे. पण त्याच्या येण्याचे दिवस आणि वाटा मोजता येतात, आणि मोजलेल्या गोष्टीवर सरकारला प्रश्न विचारता येतो. तो विचारण्याची वेळ मार्च नव्हे, डिसेंबर आहे. डिसेंबरातच पाचही मागण्यांची पत्रे तिन्ही वनखात्यांकडे जावीत, असा ठराव सभेने करावा, अशी आमची विनंती आहे.